मा. सरपंच यांच्या शुभहस्ते

मी आमच्या गावची सरपंच आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. मला आहे, आणि ग्रामपंचायतीचा शिपाई पाशाभाई याला आहे. बाकी गाव ज्याला 'सरपंच' म्हणून हाक मारतं तो माझा नवरा, सत्यजीत. जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून त्यानं मला उभं केलं. निकालाच्या दिवशी गुलालात न्हाऊन तो लोकांच्या खांद्यावर बसला आणि मी घरात दीडशे माणसांचा चहा केला.

दोन वर्षं मीही गप्प बसले. शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली बाई मी, पण सासरी त्या पदवीचा उपयोग लग्नपत्रिकेत छापण्यापुरताच होता. नोव्हेंबरात मात्र मला अवदसा आठवली. खालच्या वस्तीतल्या बायका आठ दिवस पाणी नाही म्हणून भांडायला आल्या. सत्यजीत कुठल्याशा लग्नाला गेला होता. मी पाशाभाईला म्हटलं, चला, टाकीखालचा पाणी सोडायचा वॉल बघू. सरपंच म्हणून स्वतःच्या पायांनी केलेलं ते माझं पहिलं काम. वॉलजवळच्या शेवाळावरून घसरले आणि उजवा गुडघा असा पिरगळला की आतून आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, हाडावरची कूर्चा निघाली आहे. गाव म्हणालं, गादी गेली. पुण्याला ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

"बाईमाणसानं वॉल बघाया जायाचं कशाला?" असं सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. येणारे शहाळी घेऊन यायचे, माझ्या पायाकडे बघून च्‌ च्‌ करायचे आणि मग सत्यजीतकडे वळायचे. "सरपंच, तुमची लई धावपळ व्हायला लागली बघा." आजारी मी, दमलेला तो. पडल्या पडल्या मी छताचे पत्रे मोजायचे आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालायचे.

सहा आठवड्यांनी दौंडला सुमैयाकडे जायला लागले. सुमैया फिजिओथेरपीवाली, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण हुकूम सोडायला पटाईत. तिनं पाऊल टाकायला शिकवलं. कुबड्या काखेत रोवायच्या नाहीत, भार तळहातांवर घ्यायचा. आधी दोन्ही कुबड्या पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. उजव्या पायाखाली तिनं वजनकाटा ठेवला आणि म्हणाली, "वीस किलो. काटा त्याच्या पुढे गेला की थांबायचं." माझी मांडी वाळून मनगटाएवढी झाली होती. पहिल्या दिवशी चार पावलं टाकली आणि भिंतीला धरून रडले. रडण्यात दुखणं कमी होतं, संताप जास्त होता.

"ताई, एवढी घाई कशाची करताय?" तिनं पंधरा दिवसांनी विचारलं.

"सव्वीस जानेवारी," मी म्हणाले. "झेंड्याची दोरी मला ओढायचीय."

"सरपंच आहात, मग ओढालच की!" ती सहज म्हणाली. तिला काय सांगणार? दोन वर्षांत ती दोरी एकदाही माझ्या हाती आली नव्हती. पहिल्या वेळी 'पाऊस हाय, साडी भिजंल' हे कारण होतं. पुढे कारण सांगायचीही गरज राहिली नाही.

घर ते ग्रामपंचायत हे अंतर मी अंगणात फेऱ्या मारून पुरं करायला शिकले. तळहातांना घट्टे पडले. चोवीस तारखेला जेवताना सत्यजीतला सांगितलं, "या वेळी झेंडा मी फडकवणार."

"बघू," तो म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला.

पंचवीसला संध्याकाळी त्यानं माझ्या कुबड्या उचलल्या आणि उलट्या करून पाहिल्या. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच. "खालची रबरी बुचं झिजल्यात की गं. परत घसरशील. शिरूरवरनं नवी बसवून आणतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. एवढ्या बारकाईनं या माणसानं माझं काही पाहिलं नव्हतं. जेवणाच्या वेळेला तो रिकाम्या हातानं परत आला.

"दुकानदाराकडं ठेवल्यात. त्याच्याकडं त्या मापाची बुचं न्हाईत. परवा देतो म्हणला."

"आणि उद्या?"

"उद्या सुट्टी हाय. पड की घरात निवांत."

तेव्हा कळलं. बोलून काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

सकाळी साडेसहालाच तो कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून गाडीतून गेला. मी पायाला पट्टा आवळला, साडी नेसले आणि ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. खुर्ची पुढे सरकवायची, दुखरा पाय, चांगला पाय. पुन्हा खुर्ची. सासूबाई मागून ओरडत होत्या, "आगं, लोकं काय म्हणतील!" सिमेंटच्या रस्त्यावर खुर्ची अशी खरडत होती की दारादारांतून बायका बाहेर आल्या. एकीनंही हात दिला नाही, पण आतही कुणी गेली नाही.

वीस किलोचा हिशेब पहिल्या वळणालाच संपला. खुर्ची कुबडी नव्हे, ती सरकते, आणि सरकली की सगळा भार गुडघ्यावर येतो. प्रत्येक पावलाला आत कुणी तरी तापलेली सळई फिरवत होतं. सुमैया ओरडेल, डॉक्टर ओरडतील, कदाचित पुन्हा कापतील. कापू देत म्हटलं. त्या दोरीपलीकडे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मी पोचले तेव्हा पोरांच्या रांगा लागल्या होत्या. गुरुजी माईकवर म्हणाले, "आता मी सरपंचांना विनंती करतो, त्यांनी ध्वजाजवळ यावं."

आम्ही दोघं एकदमच निघालो. तो ऐटीत, मी खुर्ची खरडत. आधी पोरं हसली, मग गप्प झाली. गुरुजी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. सत्यजीतचा हात दोरीवर होता.

"द्या," मी म्हणाले.

"आगं, पडशील."

"मग धरा मला."

समोर दोनशे पोरं होती आणि चार मोबाईल वर झाले होते. त्यानं हसत दोरी माझ्या हातात दिली आणि माझा दंड धरला. मी दोरीला हिसका दिला. झेंडा उघडला, झेंडूच्या पाकळ्या माझ्या डोक्यावर पडल्या. राष्ट्रगीत होईस्तोवर मी खुर्चीला हात न लावता उभी राहिले. पाय थरथरत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगते, लग्न झाल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता.

मग मान वळवली तर त्याची गाडी समोरच उभी होती. मागच्या सीटवर माझ्या कुबड्या होत्या.

"पाशाभाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरपंचांच्या गाडीतून माझ्या कुबड्या आणा."

पाशाभाई आला. बुचं तीच, झिजलेली. आता याची जिरली, असं मला वाटलं. सत्यजीतनं शांतपणे माईक घेतला. "आमच्या मंडळींना चालताना तरास नको, म्हणून मी कालपासनं ह्या कुबड्या गाडीत घालून दुकानं पालथी घालतोय. एवढ्या मापाची बुचं शिरूरात मिळंना झाल्यात. पर मी हार मानणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची रंगुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "नवरा असावा तर असा. नशीब लागतं गं बाई." तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. बिचारीचा काय दोष?

पोरांना खाऊ वाटणं सुरू झालं. मी कुबड्या घेऊन ऑफिसात गेले. निदान आजचं तरी कागदावर माझ्या हातानं यावं असं वाटत होतं. ग्रामसेवक भाऊसाहेब टेबलाशी बसले होते. "वहिनी, तुम्ही कशाला आलात आत? मी पाठवलं असतं की घरी," म्हणत त्यांनी कार्यवृत्ताचं रजिस्टर पुढे सरकवलं.

आजची नोंद आधीच लिहून तयार होती. 'मा. सरपंच यांच्या शुभहस्ते ध्वजारोहण करण्यात आले.' शाईसुद्धा वाळली होती. मी मागची पानं उलटली. पंधरा ऑगस्ट, माझ्या शुभहस्ते. त्याआधीचा सव्वीस जानेवारी, माझ्या शुभहस्ते. नोव्हेंबरची मासिक सभा, अध्यक्षस्थानी मी. त्या दिवशी मी पुण्याच्या दवाखान्यात पाय बांधून पडले होते. डिसेंबरची सभा, अध्यक्षस्थानी मी, तीन ठराव मंजूर. प्रत्येक पानाखाली माझी सही होती. गोल, वळणदार, एकसारखी सही. माझ्या हाताला असं वळण कधीच नव्हतं.

"भाऊसाहेब, ह्या सह्या मी केल्यात?"

"कागदाला लागतं, वहिनी," ते खाली बघत म्हणाले. "करा आता, तेवढी आजची राहिलीय."

मी कुबड्या टेबलाला टेकवल्या, पेन घेतलं आणि सही केली. अनुपमा. वाकडीतिकडी, पण माझी.

भाऊसाहेबांनी चष्मा लावला. माझी सही पाहिली, मागचं पान पाहिलं, पुन्हा माझी पाहिली. त्यांचा चेहरा खरोखर काळजीत पडला. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि रजिस्टरचं मागचं पान त्याच्या शेजारी उघडून धरलं.

"ही जुळत नाही हो, वहिनी. तपासणीला अडचण येईल," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पुन्हा करावी लागेल. आधी ह्या कागदावर दोन-चारदा गिरवून बघा, म्हणजे जमेल."