दुसऱ्या बोटीत

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, दोन मुलगे आणि दोघांच्या दोन गाड्या. कुठेही जायचं झालं की अण्णा निम्मा रस्ता थोरल्याच्या गाडीत बसायचे आणि चहाला थांबलो की गुपचूप धाकट्याच्या गाडीत जाऊन बसायचे. कोणाला वाईट वाटायला नको. त्यामुळे अण्णा दिसले नाहीत तर ते दुसऱ्या गाडीत आहेत, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की कोणी विचारतही नसे. सासूबाई होत्या तेव्हा त्या विचारायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

बेटावर जायची टूम काढली कॅप्टनने. हा माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. करतो विम्याची कामं, बोटीशी संबंध शून्य, पण चार माणसं जमली की हुकूम सोडायला लागतो म्हणून कॅप्टन. तो आणि त्याची बायको, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ, आणि अण्णा. नारळाच्या झाडांत लाकडी घर, अंगणापासून चार पावलांवर समुद्र, पाणी इतकं निवळ की तळाची वाळू दिसावी. अण्णांनाही जरा बदल होईल, असं प्रत्येकजण म्हणत होता. खरी गोष्ट वेगळी होती. अण्णा घरी एकटे असताना न्हाणीत पडले होते आणि यापुढे त्यांना एकटं ठेवायचं नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं. कोणाकडे ठेवायचं, यावर गाडं अडलं होतं. सुट्टीत निवांत बोलू म्हणून आम्ही ते ढकलत इथवर आणलं होतं.

त्या सकाळी स्वयंपाकघरात ते एकदाचं निघालं. दीर म्हणाले, आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अण्णांना खालीसुद्धा उतरता यायचं नाही. नवरा म्हणाला, आमच्याकडे दिवसभर कुलूप असतं. ते खरंच होतं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, माझ्या ड्यूटीचा माझा मलाच पत्ता नसतो. पण जाऊ जेव्हा म्हणाली की थोरल्यांनी थोरलेपण कधीतरी दाखवावं, तेव्हा माझं डोकं फिरलं. तुझे आईवडील महिना महिना राहायला येतात तेव्हा चौथा मजला आड येत नाही, असं मी तिला तोंडावर सुनावलं. तिने कप बेसिनमध्ये आदळला. तेवढ्यात कॅप्टन आत आला आणि सवयीने हुकूम देऊन मोकळा झाला, की संध्याकाळपर्यंत काय ते ठरवून टाका आणि सुट्टीचा विचका करू नका.

स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर होतं. मध्ये फळ्यांची भिंत, तीही छतापर्यंत न पोचणारी. तिथली कडी वाजली आणि अण्णा बाहेर आले. दाढी करून आले होते, कानामागे साबणाचा फेस तसाच राहिला होता. त्यांनी आमच्यापैकी कोणाकडेही बघितलं नाही. "चला, आवरा," म्हणाले. "बोटवाले खोळंबतील."

त्यानंतर दिवसभर आम्ही सगळे अण्णांची नजर चुकवत होतो. मी काळा चष्मा चढवला आणि समुद्राकडे बघत बसले.

ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबलचक पट्टा उघडा पडायचा. भरती आली की तो पुन्हा पाण्याखाली. तिथे जायला दोन छोट्या मोटरबोटी ठरवल्या होत्या. जाताना अण्णा आमच्या बोटीत होते. पट्ट्यावर उतरल्यावर कॅप्टनने फोटो काढायचा सपाटा लावला आणि आम्ही गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने हसलो. अण्णा चपला हातात घेऊन वाळूच्या पार दुसऱ्या टोकाकडे चालत गेले. मध्ये वाळूचा उंचवटा होता, त्याच्यापलीकडे ते दिसेनासे झाले. परतीला ते दुसऱ्या बोटीत बसणार, हे तर ठरलेलंच होतं.

पाणी चढायला लागलं तशी बोटवाल्यांनी घाई केली. कॅप्टनच्या बायकोला मळमळत होतं, म्हणून ती, माझा नवरा आणि मी सरळ घरी निघालो. कॅप्टन, दीर आणि जाऊ दुसऱ्या बोटीतून खडकांकडे मासे बघायला जाणार होते. "सगळे आले ना?" कॅप्टन तिकडून ओरडला. माझ्या नवऱ्याने हात वर केला. म्हणजे आमच्या बोटीतले आले.

अण्णा त्या बोटीत आहेत म्हणून मला हायसं वाटलं. त्या बोटीतल्यांनाही अगदी तसंच वाटत होतं, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर मी अंघोळ केली, चहा केला. कॅप्टनची बायको झोपली, नवरा पेपर तोंडावर घेऊन पडला. मी मनातल्या मनात अण्णांशी काय बोलायचं ते जुळवत होते. शेवटी ठरवलं की काही बोलायचंच नाही, फक्त टॉवेल घेऊन धक्क्यावर उभं राहायचं. त्यांना ओल्या कपड्यांत लगेच थंडी वाजते.

दुसरी बोट आली तेव्हा उन्हं कलली होती. आधी कॅप्टन उतरला, मग जाऊ. दीर दोरी धरून उभे होते. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल बघितला आणि सहज विचारलं, "अण्णा झोपलेत का?"

मी बोटीत बघितलं. तिच्यात एक रिकामा डबा आणि कॅप्टनची टोपी होती. "अण्णा तुमच्याकडे होते," मी म्हटलं.

दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा धावत आला. एक म्हणाला, तू हात वर केलास. दुसरा म्हणाला, तू बघायचं होतंस. बाप तिकडे पाण्यात आणि हे दोघं धक्क्यावर उभे राहून एकमेकांवर खापर फोडत होते. थिएटरमध्ये ज्या आवाजात बोललं की सर्जनसुद्धा गप्प होतो, त्या आवाजात मी म्हटलं, "तोंडं बंद करा आणि बोटीत बसा." बोटवाल्याने शेजारच्या बोटीतून पेट्रोलचा कॅन उचलला. जाऊ कोणी न सांगता माझ्या शेजारी येऊन बसली. कॅप्टन धक्क्यावरच थांबून, फोन कानाला लावून मदत शोधत होता. हुकूम सोडायचं त्याला सुचतच नव्हतं.

अण्णांना पोहता येत होतं, पण ते लहानपणी विहिरीत. पडल्यापासून त्यांचा डावा पाय नीट उचलत नव्हता. हे आम्हाला चौघांनाही माहीत होतं. माझ्या डोक्यात एकच सुरू होतं. थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी कापसाचा बोळासुद्धा मोजून घेणारी मी, आणि माणूस मोजला नाही.

वाळूचा पट्टा जिथे असायला हवा होता तिथे नुसता समुद्र होता. पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. बोटवाल्याने मागच्या टेकडीकडे बघून अंदाज घेतला, पुढे गेला, पुन्हा वळला. मग त्याने इंजिन बंद केलं, हाकेला ओ आली तर ऐकू यावी म्हणून. दोन्ही मुलगे घसा फोडून ओरडले. दर हाकेनंतर आम्ही श्वास रोखून बसायचो आणि बोटीच्या बुडावर थपथपणाऱ्या पाण्याखेरीज काही ऐकू यायचं नाही. उजेड झपाट्याने कमी होत होता. जावेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. सकाळी जिला मी फाडून खाल्लं होतं, तीच आता मला धरून बसली होती आणि मलाही तिने सोडू नये असं वाटत होतं.

"ताई, तो बांबू," ती म्हणाली.

मासेमारीवाल्यांनी पट्ट्याच्या टोकाला खूण म्हणून बांबू रोवला होता, वर लाल चिंधी बांधलेली. चिंधीच्या खाली एक पांढरं डोकं दिसत होतं. दीर पाण्यात उडीच मारणार होते, बोटवाल्याने त्यांना धरून बसवलं.

अण्णा छातीभर पाण्यात बांबूला मिठी मारून उभे होते. प्रत्येक लाट हनुवटीपर्यंत येत होती. आमची बोट त्यांना केव्हाची दिसत असणार, हाकाही ऐकू येत असणार. त्यांनी हात वर केला नाही की ओ दिली नाही. दोघा मुलांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. ओठ निळसर पडले होते, बोटं बांबूच्या आकारातच आखडली होती. मी त्यांना टॉवेलात गुंडाळलं, जावेने आपली ओढणी त्यांच्या डोक्याला बांधली. मी नाडी धरली. आधी ती जोरात पळत होती, मग हळूहळू ताळ्यावर आली. माझा जीव भांड्यात पडला आणि मला रडू फुटलं.

बोट घराकडे वळली. नवरा अण्णांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होता. चोळता चोळता तो चिडला. भीती ओसरली की तो नेहमी चिडतो.

"अण्णा, एक हाक तरी मारायची. आम्ही निघालो ते तुम्हाला दिसलं नाही का?"

"दिसलं की," अण्णा म्हणाले. "मी तोवर उंचवट्यावर आलो होतो. दोन्ही बोटी जाताना दिसल्या."

"मग ओरडला का नाही?"

अण्णांनी टॉवेल जरा वर ओढून घेतला.

"मला वाटलं, तुमचं ठरलं."

दीर म्हणाले, "अण्णा, असं कसं तुम्ही..." नवऱ्याचे हात तळव्यांवर तसेच थांबले. जावेने मान फिरवली.

अण्णांचं मनगट अजून माझ्या हातात होतं. इतकी वर्षं मी माणसांच्या नाड्या धरत आलेय. माणूस मनात चिडलेला असला, कोणाला बोचावं म्हणून बोलत असला, तरी तोंडाआधी नाडी सांगते. ते वाक्य बोलताना अण्णांची नाडी एका ठोक्यानेही वाढली नाही. कोणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं त्यांनी ते सांगितलं होतं.