जन्मस्थळ: बैरा

"बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते," लॅपटॉपवर टाइप करता करता वैदेही म्हणाली. "दुपारभर. बरोबर ना, आई?"

सुमित्राबाई ओट्यापासून खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. अमेरिकेत अर्विंगला लेकीकडे येऊन महिना झाला होता, पण आजच्यासारखी घालमेल एकदाही झाली नव्हती.

वैदेहीचा जन्म मोझांबिकमधल्या बैराचा. वडील, चारुदत्त, नागपूरहून तिथे रेल्वेच्या कामावर गेले होते. युद्धाच्या त्या दिवसांत जन्माची नोंद करायची राहूनच गेली. आता ग्रीन कार्डसाठी दाखला हवा होता. नसेल तर आईचं शपथपत्र द्या, असं वकिलाने सांगितलं होतं. तीन वाजता सहीसाठी बँकेतल्या नोटरीकडे जायचं होतं.

"आई, बस ना जरा. गावाबद्दल दोन ओळी हव्यात."

"गाव कसलं? सोफाला प्रांताची राजधानी ती. मोठं बंदर. पण जमीन इतकी खोलगट, की भरती आली की गटारं उलटी वाहायची. खिडक्यांचे गज वर्षात गंजायचे. दुकानं रिकामी, कोळंबी मात्र ढीगभर, आणि आम्ही शाकाहारी! दीपस्तंभाशेजारी एक मोडकं जहाज वाळूत रुतलेलं होतं. रोज वाटायचं, आपणही असेच इथे रुतणार."

"हे नको गं. बर्थचं सांग. घर, शेजारची अमेलिया, बाहेर बाबा."

सुमित्राबाई थांबल्या. "बाबांचं काढ."

"म्हणजे?"

"नव्हते ते. सरहद्दीकडच्या कामावर गेले होते."

"ड्यूटी होती?"

"कुठली ड्यूटी? साहेब म्हणाले होते, घरी थांब. पण सकाळी मला कळा सुरू झाल्या आणि हा माणूस डबासुद्धा न घेता आगगाडीत जाऊन बसला. घाबरला होता गं. सगळं अमेलियाने केलं. तिचं नाव नीट लिही."

वैदेहीची बोटं थांबली. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या शोकसभेत तिने व्हरांड्याचीच गोष्ट सांगितली होती. लोकांनी डोळे पुसले होते.

"त्यांनीच सांगितलं होतं मला. आणि तू गप्प बसलीस? इतकी वर्षं?"

"घरातली गोष्ट होती ती. ही सही शपथेवर आहे."

वैदेहीने ओळ डिलीट केली.

बँकेत सुमित्राबाईंनी देवनागरीत सही केली, अगदी सावकाश. परत येऊन गाडीत बसल्या, तरी वैदेही गाडी सुरू करेना.

"मग मला पहिल्यांदा कधी बघितलं त्यांनी?"

"नवव्या दिवशी, परत आले तेव्हा. मी तुला घेऊन स्टेशनवर गेले होते." सुमित्राबाई काचेतून समोर बघत होत्या. "आम्हाला बघून जागच्या जागी उभे राहिले. म्हटलं, घ्या. तर हात पँटला पुसायला लागले. पुसतायत, पुसतायत. गाडी रिकामी झाली, हमाल निघून गेले, तरी पुसतच होते."

"मग?"

"मग मीच ठेवलं तुला त्यांच्या हातांवर."