दबरानच्या शेजारचा लाल दिवा

मित्रांनो, ऐन शिरजा नावाच्या गावाच्या पूर्वेला डोंगरात एक खिंड आहे. खिंडीत एक पवनचक्की उभी आहे आणि तिच्या माथ्यावर एक जुना लाल दिवा बसवलेला आहे. तो दिवा मी. माझी काच उन्हाने करपली आहे, एका अंगाला तडा गेला आहे, आणि चार बोल्टांनी मला इथे असं आवळलं आहे की वादळातसुद्धा कूस बदलता येत नाही. सूर्य बुडाला की माझ्या पोटातला एक बारीक डोळा जागा होतो आणि मी पेटतो. पेटायचं की नाही, हे मला कुणी विचारत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा एका खोक्यात आम्ही बारा जण होतो. कुणी बंदरावरच्या यारीवर गेला, कुणी विमानतळाच्या कुंपणावर. मी जहाजातून, मग ट्रकमधून, आणि शेवटी एका गाढवाच्या पाठीवरून या डोंगरात आलो. त्या वर्षी शेतकी खात्याने नवं अनुदान काढलं होतं. चक्कीचा अर्धा खर्च सरकारचा, अर्धा गावाचा. वाऱ्याने वरच्या विहिरीचं पाणी उपसायचं, टाकीत साठवायचं आणि ठिबकच्या नळ्यांनी लिंबांच्या रोपांना पाजायचं. खिंडीतून हेलिकॉप्टर ये-जा करतात, म्हणून चक्कीवर दिवा हवाच, अशी अट कागदावर होती. ती अट म्हणजे मी.

पहिल्या संध्याकाळी मी पेटलो तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या. "चक्कीने कानात माणिक घातलंय," असं झुवैना म्हणाली. झुवैना ही गावातली विधवा बाई. तिची साठ रोपं त्या नळ्यांवर जगणार होती. मी लाजलो. लाल दिव्याला लाजणं लपवायला सोपं जातं.

एक माणूस मात्र हसला नाही. त्याचं नाव मुहन्ना.

गावाला पाणी पाटाने येतं. इथे त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून तो निघतो आणि त्याचं पाणी पाळीपाळीने वाटलं जातं. दिवसाची पाळी काठीच्या सावलीवर मोजतात, रात्रीची चांदण्यांवर. अमकी चांदणी डोंगरावर आली, अमक्याची पाळी संपली, तमक्याची लागली. चांदण्या बघायला गावाने एक माणूस नेमलेला असतो आणि त्याच्या शब्दावर दुसरा शब्द नाही. मुहन्नाच्या घरात हे काम चार पिढ्या चालत आलं होतं. मशिदीमागच्या दगडावर तो बसायचा, डोळे खिंडीकडे. कृत्तिकांना इथे सुरय्या म्हणतात आणि रोहिणीला दबरान, म्हणजे मागोमाग येणारा. दबरान लालसर असतो. उन्हाळ्यात तो खिंडीतूनच वर येतो, अगदी माझ्या शेजारून.

"हारिस, माझ्या दबरानच्या कुशीत हे काय आणून बसवलंत?" मुहन्नाने त्या संध्याकाळी विचारलं.

हारिस त्याचा पुतण्या, शाळेत गणित शिकवायचा. अनुदानाचे कागद त्यानेच भरले होते. "काका, वारा तिथेच आहे, त्याला मी काय करू? दबरानला सांगा, जरा सरकून उगव म्हणावं."

"तूच सांग. सरकारदरबारी तुझी ओळख."

सगळे हसले. खिंड शिंपल्यासारखी आहे मित्रांनो, गावातला शब्द न् शब्द वर चढतो. मला ऐकू आलं, आणि त्या दिवसापासून माझ्या माणकाला डाग लागला.

पण मुहन्ना रोज रात्री माझ्याकडे बघू लागला. बघणं त्याला भागच होतं. त्याने हिशेब बसवला : दिव्याच्या उजवीकडे बोटभर जो उगवेल तो दबरान. माझ्या आसपासच्या बारीक चांदण्या मी गिळल्या होत्या, त्या त्याने मनातून पुसल्या. अकरा वर्षं त्याचे डोळे माझ्यावर येत, थांबत आणि बोटभर बाजूला सरकत. रात्रभर माझ्याकडे तोंड करून बसणारा तो एकटाच माणूस. त्याची दाढी पांढरी झाली ती मी बघितली.

मग सरकारने आणखी एक नियम काढला. चांदण्यांवर पाणी वाटणाऱ्या गावांत रात्रीचा उजेड कमी करायचा. रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या आल्या, उजेड फक्त पायाखाली पडू लागला. मैदानावरचा मोठा झोत दहाला विझू लागला. आकाश परत भरलं. म्हातारी माणसं बाजेवर पडून नातवंडांना चांदण्या दाखवू लागली. मी वाट बघितली. माझ्यासाठी कुणी शिडी लावली नाही. नियमाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : उडणाऱ्या यंत्रांसाठीचे दिवे वगळून.

आता ऐका त्या रात्रीचं. ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

भर उन्हाळा होता. दोन दिवस वारा पडला होता. चक्कीची पाती लटकली, पंपाच्या आणि माझ्या सामाईक बॅटरीतलं होतं नव्हतं ते पंपाने ओढलं आणि मी विझलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी अंधार बघितला. किती मऊ असतो तो. तिसऱ्या रात्री सुरय्या वर आली, मुहन्नाने हाक दिली आणि झुवैनाने चिंधी गुंडाळलेला दगड बाजूला करून पाट आपल्या रानात घेतला. खजुराखालच्या पट्ट्यात तिने लसूणघास लावला होता. तिच्या शेळ्या त्यावरच. पाणी वळवताना ती हलक्या आवाजात म्हणत होती :

*सुरय्या गं पुढं पुढं, दबरान तिच्या मागं*
*दोघांच्या मधी माझं, पाणी घासाला गं लागं*

सुरय्या ते दबरान, एवढी तिची पाळी. त्यानंतरची पाळी खुद्द मुहन्नाची.

तिची पाळी अर्ध्यावर आली तेव्हा वारा उठला. पाती कुरकुरली आणि फिरू लागली. मला कळलं काय होणार आहे. मी तडा गेलेली काच आवळून धरल्यासारखं केलं, पण दिव्याला दात नसतात, ओठ मिटून घेता येत नाहीत. मी पेटलो.

धुळीने आकाश गढूळ होतं. दोन रात्री तिथे दिवा नव्हता. मुहन्नाला खिंडीत एकच लाल ठिपका दिसला, शेजारी दुसरा काही नाही. त्याने डोळे चोळले. मग तो उठला आणि त्याने हाक दिली, "दबरान आला. झुवैना, पाणी सोड."

"इतक्यात?" खालून आवाज आला.

"आला म्हणजे आला."

त्याच्या शब्दावर दुसरा शब्द नाही. झुवैनाने मुकाट्याने दगड परत लावला. अर्धं रान कोरडं राहिलं. पाणी मुहन्नाच्या खजुरांकडे गेलं.

मी ओरडायचं म्हटलं असतं तरी माझ्याकडे काय होतं? लाल होणं, एवढंच. मी जितका जळत होतो तितका जास्त दबरान दिसत होतो.

अर्ध्या तासाने माझ्या उजवीकडे बोटभर अंतरावर खरा दबरान डोंगरावर आला. मुहन्ना अजून दगडावरच होता. त्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तसाच बसून राहिला. पाणी परत देता येत नव्हतं, एकदा सोडलेली पाळी त्या रात्री पुन्हा उघडत नाहीत असा पाटाचा रिवाज. आणि हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. तो गप्प राहिला असता तर गावाला कधीच कळलं नसतं.

सकाळी काठीच्या सावलीपाशी माणसं जमली. कॉफी फिरत होती, खजुरांचं ताट मधे होतं. मुहन्नाच्या हातात वाटी होती, पण ती त्याने ओठाला लावली नाही.

"झुवैना, रात्री मी तुझं अर्धं पाणी चोरलं."

"चोर असं सांगत हिंडतो होय?" ती म्हणाली. तिला वाटलं थट्टा आहे.

"दिव्याला दबरान समजलो मी. पाणी माझ्या खजुरांनी प्यायलं."

 मग एक म्हातारा म्हणाला, "आणि पुढची पाळी नेमकी तुझीच. दिवा बरा घरचा निघाला, मुहन्ना."

हे मुहन्नाला लागलं. त्याने वाटी खाली ठेवली.

"येती पाळी माझी सगळी तुझी," तो झुवैनाला म्हणाला.

"ती आठ दिवसांनी. घास आज वाळतोय. शेळ्यांना काय सांगू, आठ दिवस थांबा?" ती रागावली होती, आणि तिचं चुकत नव्हतं.

हारिसने मनगटावरचं घड्याळ काढून काकापुढे ठेवलं. "काका, पुरे झालं आता. चांदणी चुकते, हे चुकत नाही."

"चांदणी चुकली नाही. मी चुकलो. दोघांची गाठ मारू नकोस." मुहन्नाने घड्याळ परत सरकवलं. "मला मोकळं करा. दुसरा माणूस नेमा."

"कोण दुसरा?" म्हाताऱ्याने विचारलं. "चांदण्या येतात कुणाला? पोरांना फोन बघता येतो."

मुहन्नाला कुणी मोकळं केलं नाही. तोही माझ्यासारखाच, आपल्या जागी आवळलेला.

दिवा काढा नाहीतर झाका, असा हारिसने अर्ज केला. काही आठवड्यांनी कचेरीतला साहेब आला आणि चक्कीच्या पायथ्याशी सावलीत उभा राहिला. सगळं गाव भोवती.

"रस्त्यावरच्या दिव्यांचं खातं वेगळं, चक्कीचं वेगळं, आकाशाचं तिसरंच," साहेब घाम पुसत म्हणाला.

"मग आकाशाच्या खात्याला लिहितो," हारिस म्हणाला.

"लिहा. ते कागद माझ्याकडेच पाठवतील."

"निदान टोपी तरी घाला त्याला. रस्त्यावरच्यांना घातलीत ना?"

"ह्याच्यावर काही बांधलं की परवानगी गेली. परवानगी गेली की चक्की बंद. चक्की बंद की अनुदान गेलं, नळ्यासुद्धा उपटून नेतील. मी नियम केला नाही हो, मी नुसता वाचतो."

मी वरून ऐकत होतो. माणसांनी मला बांधलं होतं आणि आता त्याच दोरीत ती स्वतः उभी होती. मी जळलो तर पाटाचं पाणी चुकणार, विझलो तर विहिरीचं थांबणार.

"मग दिव्याला हात लावू नका," झुवैना म्हणाली.

सगळे वळले. अर्धा घास तिचाच जळला होता.

"माझी जुनी झाडं आणि नवी रोपं त्या नळ्यांवर आहेत. रोपं दोन वर्षांनी लिंबं धरतील. घास परत येईल, लिंबू परत येत नाही." ती साहेबाकडे वळली. "साहेब, दिव्यावर टोपी चालत नाही. मुहन्नाभाऊंच्या डोळ्यांवर चालेल?"

"म्हणजे?"

"त्यांच्या दगडासमोर मातीचा खांब उभा करायचा. हातभर रुंद. मागून दिवा दिसणार नाही, उजवीकडचा दबरान दिसेल. गावात चिखलाचा खांब उभारायला कुठलं खातं लागतं?"

साहेबाने हातातला कागद उलटसुलट केला. "त्याला काही लागत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा झाला.

दुसऱ्या संध्याकाळी मी पेटलो तेव्हा मुहन्ना दगडावर बसला होता. हारिस चिखल-भुशाच्या विटा रचत होता. झुवैना मुहन्नाच्या खांद्यामागे वाकून एक डोळा मिटून बघत होती. "अजून डावीकडे. अजून एक वीट. तो मेला अजून दिसतोय." तो मेला म्हणजे मी. एकेक वीट चढली. त्याची पांढरी दाढी गेली. नाक गेलं. मग त्याचे डोळे माझ्यावर आले, एरवीसारखे थांबले, आणि त्यांच्यावर वीट आली.

"आता नाही दिसत," मुहन्ना म्हणाला.

त्या दिवसापासून पाणी चुकलेलं नाही. झुवैनाचा घास हिरवा आहे, नवी रोपं गुडघ्याला लागली आहेत, आणि तिची धाकटी मुलगी मुहन्नाशेजारी बसून चांदण्या शिकते. घास आणि रोपं मला वरून दिसतात, ती दोघं मात्र खांबापलीकडून नुसती ऐकू येतात. मुहन्ना दिसत नाही. ज्या एका माणसाने रात्रभर माझ्याकडे तोंड करून बसायचं, त्याच्या आणि माझ्या मधे आता चिखलाची भिंत आहे. ती बांधली हे बरंच झालं. तरी सूर्य बुडताना पोटातला तो डोळा जागा होतो, तेव्हा मला अजून मागच्यासारखंच वाटतं, की कुणीतरी बघेल.

मित्रांनो, तुम्ही दिवा लावाल. लावायलाच हवा, वाट दिसायला हवी. पण लावून झाला की शंभर पावलं लांब जा आणि वळून बघा, तो कुणाच्या डोळ्यात जातो. पुढे तुमच्यातलं कुणी कचेरीत बसलं आणि असा एखादा नियम लिहायची पाळी आली, तर शेवटच्या ओळीत आम्हाला वगळू नका. एक छोटी टोपी आणि उडणारं यंत्र जवळ येईपर्यंत विझून थोडी विश्रांती, एवढं मावेल त्या कागदात. अंधार कसा असतो हे मी एकदाच बघितलं आहे, वारा पडला होता तेव्हा. मला तो पुन्हा बघायचा आहे, कुणाचं पाणी न चुकवता.