शेवटची तीन मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने सदर आहे. मी लाकडाचे नाही की लोखंडाचे नाही. ‘उशिरा सुचलेल्या बातम्या’ नावाचा एक थट्टेचा कार्यक्रम दर शनिवारी रात्री अकराला मोबाइलवर लागायचा. त्याची शेवटची तीन मिनिटे म्हणजे मी. माझे नाव ‘हरवले आहे’.

माझा जन्म पौडच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या माळ्यावर झाला. दुकान फारूकचे. त्याची धाकटी बहीण निलोफर शाळेत विज्ञान शिकवायची आणि शनिवारी दुपारी कापडाच्या ताग्यांसमोर बसून बातम्यांची टर उडवायची. फारूक मोबाइल धरायचा. एकदा कार्यक्रम तीन मिनिटे कमी पडला, तेव्हा निलोफरने एका पाठकोऱ्या कागदावर मला लिहून काढले.

“हरवला आहे. महाळुंग्याजवळचा ओढा. वय अंदाजे हजार वर्षे. अंगात हिरवे कपडे. शेवटचा दिसला, तेव्हा मान खाली घालून सिमेंटच्या पाइपात शिरत होता. बाळा, घरी ये. कोणी रागावणार नाही.”

लोक पोट धरून हसले. पुढच्या शनिवारी सूसचा एक रस्ता हरवला, मग एसटीचे वेळापत्रक. काही जण तर बाकीचा कार्यक्रम पुढे सरकवून फक्त मलाच बघू लागले. खाली उत्तरेही लिहायचे. ‘ओढा काल बाणेरला वडापाव खाताना दिसला.’ ‘रस्ता आमच्याकडे भाड्याने राहतो.’ थाप जितकी मोठी, तितका हशा मोठा. बाजारात बायका निलोफरला थांबवून विचारायच्या, “ताई, या आठवड्यात काय हरवलं?” मी फुगून गेलो होतो. आपण लोकांना कोणती सवय लावतो आहोत, हे माझ्या ध्यानात आले नाही.

गेल्या जानेवारीतला एक शनिवार. निलोफरचे वडील मोहिद्दीन दुपारच्या नमाजाला म्हणून निघाले आणि परतलेच नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपासून त्यांची आठवण विरत चालली होती. मशीद, एसटी स्टँड, चहाच्या टपऱ्या, सगळे पालथे घालून झाले. पोलिसांनी नोंद घेतली, त्यांचीही गाडी फिरू लागली. अंधार पडला, थंडी वाढली.

“दादा, आपल्याला चाळीस हजार लोक बघतात,” निलोफर म्हणाली. “मी आज ‘हरवले आहे’मध्ये सांगते.”

“वेगळं सांग,” फारूक म्हणाला. “त्या जागी नको. लोक हसतील.”

“लोक त्याच जागेसाठी थांबतात, दादा. दुसरीकडं कोण ऐकणार?”

मित्रांनो, त्या रात्री तिने मला वाचले, तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. “हरवले आहेत. माझे अब्बा, मोहिद्दीन. पांढरा सदरा, चॉकलेटी स्वेटर. त्यांना घरचा पत्ता आठवत नाही. ही थट्टा नाही.”

नेमक्या याच शेवटच्या वाक्याला लोक सर्वांत जास्त हसले. ‘काय अभिनय! एक नंबर!’ पाठोपाठ उत्तरे येऊ लागली. ‘अब्बा सूसला फ्लॅट बघताना दिसले.’ फारूक मोटारसायकलवरून सूसला गेला. प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनला त्याने फोटो दाखवला. ‘महाळुंग्याच्या पुलाखाली बसलेत.’ तो तिथे गेला. खाली काळोख आणि कचरा. त्याने ‘इथं कुणी नाही’ असे कळवले, तेव्हा त्याच माणसाने लिहिले, ‘खरंच गेला काय भाऊ?’

आई जोहराबींना वाचता येत नव्हते. त्या निलोफरच्या खांद्यावरून मोबाइलकडे बघत होत्या. “काय लिहिलंय गं? कुणी पाहिलं का त्यांना?”

“अम्मी, हसतायत.”

“हसतायत? का?”

निलोफर उत्तरे खाली सरकवत राहिली.

त्या ढिगात एक ओळ अशी होती: ‘मालेला आमच्या गोठ्यात एक बाबा बसल्यात. म्हशीला सलाम करत्यात.’ निलोफरचा अंगठा त्या ओळीवरून पुढे सरकला. मी तडफडलो. पण मला माझा आवाज कुठे होता? तिने दिला, तेवढाच.

पहाटे ती सगळे पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, तेव्हा त्या ओळीखालचा फोन नंबर तिला दिसला. बाकी कुणीच नंबर दिला नव्हता. फोन कुणी उचलला नाही, म्हणून बहीणभाऊ घर विचारत उजाडताना माले गावात पोचले. अंगणात ती ओळ लिहिणारी शुभांगी उभी होती. तिचे सासरे हैबतराव बांधाबांधाने हाका मारत फिरत होते.

“कुण्या टेम्पोवाल्यानं फाट्यावर सोडलं व्हतं त्यांना,” शुभांगी म्हणाली. “दूधभाकरी दिली, घोंगडी दिली. सकाळी पौडला न्हेणारच व्हतो. धार काढाया उठलो, तर बाबा न्हाईत.” मग ती निलोफरकडे वळली. “ताई, मी रातीच लिवलं व्हतं. तुमी वाचलं न्हाई व्हय?”

“वाचलं,” निलोफर म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीपण...” आणि ती हैबतरावांच्या हाकांच्या दिशेने धावली.

दुपारी हैबतरावांना मोहिद्दीन शेतापलीकडच्या कोरड्या ओहोळात सापडले. मांडीचे हाड मोडलेले, ओठ काळेनिळे. जीव वाचला. पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि उरलीसुरली ओळखही गेली. निलोफर भरवायला बसली की ते हात जोडतात. “बाई, तेवढं माझ्या घरी कळवा. पोरं वाट बघत असतील.”

निलोफरने कार्यक्रम बंद केला. लोक अजून लिहितात, ‘ताई, हरवले आहे परत सुरू करा.’ मित्रांनो, मला परत यायचे नाही. तुम्ही हसू नका, असेही मी म्हणत नाही. हसवण्यासाठीच तर मी जन्मलो. पण कुणी ‘दिसल्यास कळवा’ म्हणाले, तर उत्तर लिहिण्याआधी एकदा उठा, दार उघडा आणि बाहेर बघा. थंडीत कुणी उभे असेल.