शेवटच्या रिळाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना गोल डबा आहे, पण माझ्यात कधी कुणी खाऊ ठेवला नाही. माझा जन्म सिनेमासाठी झाला. पूर्वी सिनेमा लांबलचक फितीवर असे, त्या फितीची रिळं करत आणि एकेक रीळ एकेका पत्र्याच्या डब्यात घालून गावोगाव पाठवत. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात चौदा हा आकडा होता. चौदावं म्हणजे शेवटचं रीळ. लोक ज्याच्यासाठी श्वास रोखून बसत, तो शेवट माझ्या पोटात असायचा. मला त्याचा थोडा गर्वही होता.

मग एकदा उतरवताना मी हमालाच्या हातून निसटलो. कडेला पोचा आला, रीळ बसेना. चित्रपटगृहाच्या दारवानाने मला जिन्याखाली टाकून दिलं. तिथे वर्षभर धूळ खात पडलो होतो. एका रविवारी सकाळचा इंग्रजी खेळ सुटल्यावर दोन बहिणी जिना उतरून आल्या.

"दारवानकाका, हा डबा टाकाऊ आहे का?" थोरलीने विचारलं.

"न्या की ताई. पण पोचा आलाय त्याला."

"असू दे. आम्ही तरी कुठे धड आहोत?"

दोघी टेलिफोन ऑफिसात कामाला होत्या. थोरली बंद पडलेल्या फोनच्या तक्रारी लिहून घ्यायची, धाकटी कॉल जोडून द्यायची. बढतीसाठी इंग्रजी बोलता यायला हवं होतं. म्हणून दर रविवारी इंग्रजी सिनेमा पाहायचा आणि घरी परतल्यावर त्यावर इंग्रजीतच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. धाकटीला त्या सिनेमांतून एक शब्द सापडला होता : ॲब्सोल्यूटली. तो तिच्या जिभेवर असा बसला की उठेचना. नायिका ॲब्सोल्यूटली सुंदर, गाणं ॲब्सोल्यूटली गोड, मध्यंतरात प्यायलेला चहासुद्धा ॲब्सोल्यूटली गरम.

थोरलीला त्या शब्दाचा राग होता. "दिवसभर हेच ऐकते मी," ती म्हणायची. "माझा फोन ॲब्सोल्यूटली डेड आहे म्हणे. अरे बाबा, खरखर येते, का आवाजच येत नाही, ते सांग ना! मेलेला फोन थोडासा मेलेला असतो का कधी? नाकापेक्षा मोती जड!"

"पण सिनेमा खरंच सुंदर होता, ताई."

"कुठे सुंदर होता? जागा दाखव."

"तू पोलिसात जायला हवं होतंस!"

त्याच दिवशी नियम झाला. जी तो शब्द वापरेल तिने आपलं अर्धं तिकीट दंड म्हणून माझ्यात टाकायचं. तिकिटाचा एक अर्धा दाराशीच दारवान फाडून घ्यायचा, दुसरा आपल्याजवळ राहायचा. ही अर्धी तिकिटं धाकटीला जिवापाड प्रिय होती, म्हणून तर दंड लागू पडला. बोलताना शब्द निसटला की थोरली माझ्या झाकणावर नखाने वाजवायची. टक. धाकटी कुरकुरत पर्स उघडायची. पण मित्रांनो, सांगतो, ती मुलगी पाहायला शिकली. वर्षाअखेरीस ती म्हणू लागली, "तो म्हातारा कोट काढतो तेव्हा आधी खिसा चाचपतो, तेव्हाच मला कळलं की पत्र हरवलंय." थोरली मान डोलवायची. तेवढी शाबासकी धाकटीला पुरायची.

मग थोरलीच्या छातीने दगा दिला. खोकला, ताप, अंथरूण. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. तिने मला उशाशी ठेवून घेतलं आणि कागदावर लिहिलं, "तू जा. पाहून ये. मला सांग." चार रविवार धाकटी एकटी गेली आणि येऊन सगळा सिनेमा सांगत बसली. थोरली डोळे मिटून ऐकायची. बोट मात्र माझ्या झाकणावर तयार असायचं.

पाचव्या रविवारी धाकटीने तिकीट काढलं. दाराशी दारवानकाकांनी विचारलं, "आजही ताई नाहीत?" तेवढ्या एका प्रश्नाने ती दारातूनच मागे फिरली. शेजारची ती रिकामी खुर्ची आता तिला बघवेना. अडीच तास ती बाहेर पायरीवर बसून राहिली आणि भिंतीवरची पोस्टरं पाहत राहिली. घरी येऊन तिने त्या पोस्टरांवरून एक सिनेमा रचून सांगितला.

"समुद्र होता, ताई, ॲब्सोल्यूटली निळा. आणि तो माणूस... ॲब्सोल्यूटली देखणा."

टक.

धाकटीने पर्स उघडली आणि जागच्या जागी थबकली. हातात आलं ते अख्खं तिकीट. न फाडलेलं. थोरलीने ते पाहिलं. बंदी मोडून तिने हळूच विचारलं, "शेवट काय झाला?"

"उद्या सांगते," धाकटी म्हणाली. तिकीट माझ्यात टाकून ती चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाली.

पुढचं फक्त मी पाहिलं. थोरलीने माझं झाकण उघडलं. अख्खं तिकीट शोधून काढलं. तिची बोटं थरथरत होती, तरी दारवान फाडतो तसं तिने ते मधोमध फाडलं, दोन्ही अर्धे माझ्यात ठेवले आणि झाकण दाबून लावलं. त्या संध्याकाळी तिला ताप चढला आणि तिची शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

टेलिफोन ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या शोकपत्रात 'ॲब्सोल्यूटली' हा शब्द दोनदा होता. वाचताना धाकटीचा हात माझ्याकडे आला आणि चटका बसावा तसा मागे गेला.

मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं. ती उघडेना. मला तिने कपाटावर ठेवलं. दुपारचं ऊन खिडकीतून माझ्यावर यायचं, पत्रा तापायचा आणि झाकण आपोआप वाजायचं. टक. अगदी नखासारखं. खोलीत बोलणं चालू असलं तर धाकटी वाक्य अर्धवट सोडून कोपऱ्यातल्या थोरलीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची. तिचं लग्न झालं, घरं बदलली, मुलं झाली. प्रत्येक घरी मी कपाटावरच. इंग्रजी सिनेमाला मात्र ती पुन्हा गेली नाही.

"आई, त्या डब्यात काय आहे?" मुलगा विचारायचा.

"काही नाही."

"मग वाजतो कसा?"

"रिकामेच डबे वाजतात, बाळा."

अशी पंचावन्न वर्षं गेली. मला गंज चढला, चौदाचा आकडा पुसट झाला. आता घरात नात आहे. ती फोनवर मैत्रिणींशी सिनेमाबद्दल बोलते आणि दर वाक्यात तोच शब्द. एका दुपारी ती तो शब्द म्हणाली आणि नेमका मी वाजलो. आजीच्या हातातली विणकामाची सुई गळून पडली. नातीने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

"टाकून देऊया हा भंगारात."

"ठेव तो. उघडू नकोस!"

"का गं? भूत आहे आत?"

"भुताला कोण घाबरतं? मी तिकिटाला घाबरते."

मग तिने सगळं सांगितलं. पायरी, पोस्टरं, ते खोटं. "जाताना तिला कळलं होतं की मी फसवलं," ती म्हणाली. "एक अख्खं तिकीट असेल बघ त्यात."

नातीने चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. पिवळी पडलेली अर्धुकं टेबलावर सांडली. ती एकेक उलटून पाहू लागली.

"आजी, अख्खं एकही नाही."

"नीट बघ."

"नाही गं. पण हे दोन तुकडे एकाच तिकिटाचे आहेत. नंबर एकच, जोडले की जुळतात. फाडलंय मात्र वाकडंतिकडं."

आजीने स्वतः ते तुकडे जोडून पाहिले. "दुसरा अर्धा दारवान ठेवतो," ती पुटपुटली. "दोन्ही अर्धे घरी येतच नाहीत." मग तिने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. "ताईने फाडलंय हे. तिने मला आत सोडलं गं."

नातीने पोस्टरांवरचा तो सिनेमा फोनवर शोधून काढला. दोघींनी तो त्याच दुपारी पाहिला. संपल्यावर आजी रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द निवडून म्हणाली, "ताई, शेवटी तो माणूस दार रंगवतो. आत जातो. दार लोटतो. रंग ओलाच असतो. संपलं."

त्यात तो शब्द एकदाही नव्हता. मी शेवट वाहणारा डबा. हा एक शेवट पोचायला पंचावन्न वर्षं लागली.

मित्रांनो, जुना डबा टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि आजारी माणसाने काही विचारलं तर 'उद्या सांगते' म्हणू नका. सांगता येत नसेल, तर तसंच सांगा.

ऊन अजूनही रोज माझ्यावर येतं, पण त्या दिवसापासून माझं झाकण आपोआप वाजलं नाही. एकदाच वाजलं, तेही त्याच दुपारी. नात डोळे पुसत म्हणाली, "आजी, ॲब्सोल्यूटली भारी होता!"

टक. आजीचं नख होतं.

"कुठे? जागा दाखव."

नातीजवळ टाकायला अर्धं तिकीटही नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "तो ओला रंग... दाराला आता कुणी हात लावू नये, असं वाटलं मला."

आजीने मान डोलावली.