एक पायरी खाली

पावसाने तीन दिवस उघडीप दिली होती, म्हणून तांड्यावरच्या साऱ्या बाया सोयाबीनच्या खुरपणीला गेल्या होत्या. हरिचंदच्या घरी मात्र सकाळपासून पोह्यांची तयारी चालली होती. दुपारी धाकट्या शिलाला बघायला पाहुणे यायचे होते. थोरली संगिता कालच सेनगावहून माहेरी आली होती. ती कांदा चिरत होती आणि बाप तिच्यासमोर पाटावर बसून हळू आवाजात बोलत होता.

"संगे, तूच समजाव तिला. माझं ऐकून न्हाई राहिली ती."

"काय समजावू, बा?"

"एम.कॉम. करायचं तर बाहेरून कर म्हणावं. डिग्री तीच ना? पुस्तकं घरी येतात, रविवारी हिंगोलीला जायचं, संध्याकाळी परत. कोणाला पत्ता लागत न्हाई."

"आन् नांदेडचं?"

"नांदेडला दोन वरीस हॉस्टेलात राहिली तर साऱ्या सोयऱ्यांत कळंल. पोरगा बी.ए. हाय. पोरगी पोराच्या वर गेली का सोयरीक मोडली म्हणून समज. झाकली मूठ सव्वा लाखाची."

हरिचंद काही वाईट माणूस नव्हता. एसटीत वाहक म्हणून त्याची सत्तावीस वर्षे गेली होती. पोरींना कॉलेजात घालू नको म्हणणाऱ्या भावकीशी तो भांडला होता आणि दोघींनाही बी.कॉम. करूनच थांबला होता. पण लग्नाची गोष्ट निघाली की या माणसाचा कणा कुठे जाई कोण जाणे. आणि म्हण तरी कोणती वापरावी! मूठ झाकायची ती रिकामी असणाऱ्याने. याच्या पोरींच्या मुठी भरलेल्या होत्या आणि हा त्या दाबून बंद करायला निघाला होता.

एकट्या हरिचंदला नावे ठेवून भागणार नाही. त्या भागात रीतच तशी पडली आहे. पोरगी पोरापेक्षा एक पायरी खाली हवी. मग बायोडाटा छापायच्या दुकानात मुलीचा कागद दोन प्रकारचा निघतो, एक खरा आणि एक द्यायचा. मुलांचे शिक्षण कागदावर फुगते, नापास झालेला 'शिक्षण चालू' होतो. मुलींचे तेवढे आक्रसत जाते. शिकवणारेही आपणच आणि खोडणारेही आपणच, याचे कोणालाच हसू येत नाही.

"तुझंच बघ ना," हरिचंद म्हणाला. "बारावी सांगितलं, काय बिघडलं? सुखात हायस."

संगिताला कांद्याचे निमित्त होते, म्हणून डोळे पुसता आले.

ती कॉलेजात पहिली आली होती. ओमप्रकाश बारावी झालेला, सेनगावला त्याचे खताबियाण्याचे दुकान. सात वर्षांपूर्वी बापाने द्यायच्या कागदावर 'बारावी' लिहिले आणि निरोप देताना कानात सांगितले, "तोंडातून चुकूनही निघू देऊ नको." तिने निघू दिले नाही. दुकानाची बिले ती नुसती रचून ठेवायची. मागच्या साली कराचे विवरणपत्र भरण्याआधी तिला दिसले होते की खरेदीचे एक बिल दोनदा धरले गेले आहे. बारावीच्या बाईला ते कसे कळले, असे कोणी विचारले तर काय सांगायचे? ती मूग गिळून बसली. मग नोटीस आली, दंड आला. ओमप्रकाश दोन दिवस जेवला नाही, आणि संगिता त्याच्यापुढे ताट धरून उभी राहिली. त्या दिवशी तिला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी कधीच आली नव्हती. पण सर्वांत वाईट गोष्ट वेगळीच होती. तिची सहा वर्षांची मिना तिला एकदा विचारून गेली, "मम्मी, तू कितवीपर्यंत शिकली?" आणि ती आपल्या लेकरालाही खोटे बोलली.

आतल्या खोलीत शिला साडी नेसून खाटेवर बसली होती. शेजारी मोबाईल होता. त्यावर नांदेडच्या विद्यापीठाची यादी उघडलेली, तिचे नाव अकरावे. उद्या संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर झाले नाही तर ती जागा पुढच्या नावाला जाणार होती.

"बाई, तूबी तेच सांगायला आली ना?" थोरल्या बहिणीला शिला 'बाई' म्हणे.

"बा म्हणतेत ते अगदीच चूक न्हाई. बाहेरून करणाऱ्या बी पुढं जातातच की."

"जातात. माझी मैत्रीण नोकरी करून बाहेरूनच करून राहिली, तिला तेच बराबर हाय. पण मला ऑडिट पुस्तकातून निम्मंच कळतं, समोर शिकवणारं माणूस लागतं. मला कॉलेजात शिकवायचंय, त्याच्यासाठी नेटच्या परीक्षेची तयारी तिथंच व्हईल." शिला थांबली. "आन् बाला ते माझ्या सोयीचं हाय म्हणून न्हाई, लपवता येतं म्हणून पायजे. आज डिग्री लपवली तर उद्या नोकरी कशी लपवू? पगार कुठं लपवू?"

तरी संगिता म्हणाली, "आज पाव्हण्यांसमोर काही बोलू नको. बा ची इज्जत ऱ्हाऊ दे." बोलून झाल्यावर तिला जाणवले की हे सात वर्षांपूर्वी बाप आपल्याला जे म्हणाला होता तेच. शिला मान खाली घालून पदर नीट करत राहिली.

दुपारी एकच्या सुमारास पाहुणे आले. सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यावरचे रामप्रसाद आणि त्यांचा मुलगा दिपक, वीज कंपनीत कंत्राटी वायरमन. घरचे जावई म्हणून ओमप्रकाशही सेनगावहून मोटरसायकलवर आला आणि मानाने खुर्चीवर बसला. रामप्रसाद बोलका माणूस. पिकापाण्याचे झाले, धरणाच्या पाण्याचे झाले, मग ते मुद्द्यावर आले.

"पोरगी शिकलेली पायजे, आमी काही जुने लोक न्हाई. पण पोराच्या डोक्यावर बसणारी नको. बी.कॉम. ठीक हाय. पुढं काही शिकायचं न्हाई ना?"

"न्हाई, न्हाई," हरिचंद घाईने म्हणाला. "तेवढ्यावरच थांबून राहिली ती."

"मंग बराबर हाय. थोरली तुमची बारावी ना? जावईबापू, कसं काय?"

ओमप्रकाश हसला. त्याला बायकोचे कौतुकच करायचे होते. "आमच्या घरची बारावीच हाय, पण सात वर्षांत कधी शब्दाला शब्द वाढवला न्हाई. बायको कमी शिकलेली असली का घर शांत राहतं, काका."

सगळे हसले. शिला पोह्यांचा ट्रे घेऊन मध्ये उभी होती. रामप्रसाद तिच्याकडे वळले. "व्हय ना पोरी? पुढं शिकायचं न्हाई ना?"

शिलाने संगिताकडे बघितले. त्या बघण्यात राग नव्हता, की विनवणीही नव्हती. बाई सांगेल तसे करायचे, एवढेच होते. आणि 'न्हाई' म्हणायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात संगिताने हातातली चहाची किटली खाली ठेवली.

"तिला शिकायचंय, काका. नांदेडला एम.कॉम.ला नंबर लागलाय तिचा. उद्या जागा पक्की करायची हाय."

"संगे, आत जा," हरिचंद म्हणाला.

"जाते, बा. एवढं बोलून जाते. मी बारावी न्हाई. मी बी.कॉम. हाय, कॉलेजात पहिली आलेली. आमी सोयरिकीसाठी लपवलं. घर शांत हाय ते मी कमी शिकले म्हणून न्हाई. मी भिऊन राहिले म्हणून हाय."

दिपकने एकदा शिलाकडे, एकदा बापाकडे पाहिले. रामप्रसाद सावकाश उठले. "हरिचंदराव, एका पोरीचं शिक्षण लपवलं. दुसरीचं काय काय लपवलं असंल, आमी कुठं शोधत बसावं?" पोहे तसेच टाकून बापलेक निघून गेले. ज्या सोयरिकीसाठी हरिचंदने पोरींचे शिक्षण खोडले, ती त्या खोडण्यामुळेच मोडली, पण त्या क्षणी त्याला ते कळण्यासारखे नव्हते. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

अंगणात ओमप्रकाश मोटरसायकलला हात लावून उभा होता. संगिता त्याच्याजवळ गेली.

"सात वरीस," तो म्हणाला. "माझ्यासंग राहून?"

"व्हय."

"ते दंडाचं... ते बिल तुला दिसलं व्हतं?"

"आधीच दिसलं व्हतं."

"मंग बोलली काहून न्हाईस? माझा जीव जाऊन राहिला व्हता तवा."

"बारावीच्या बाईनं काय बोलावं? तुमी तिचं ऐकलं असतं का? आन् बी.कॉम.च्या बाईला तुमी घरात घेतलं असतं का?"

त्याला संताप आला होता, आणि तो नेमका कोणावर आहे हे त्यालाच उमगत नव्हते. शेवटी "घरी येऊ नको आत्ता," एवढे म्हणून तो गेला. मिना सेनगावला सासूपाशी होती. संगिता तिथेच ओट्यावर बसली.

नानीबाई, तिची याडी म्हणजे आई, दिवसभर चुलीपाशीच होती. ती येऊन लेकीच्या शेजारी बसली. "मला सहीबी येत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला शाळेत घातलं तवा वाटलं व्हतं, ह्या तरी मोकळ्या तोंडानं बोलतील. मंग तुझं तोंड आमीच शिवलं." मग ती उठून उद्याच्या भाकरीचे पीठ मळायला गेली.

सकाळच्या पहिल्या जीपने दोघी बहिणी हिंगोलीला आणि तिथून एसटीने नांदेडला गेल्या. हरिचंद आला नाही. जाऊ नका असेही तो म्हणाला नाही. विद्यापीठात खिडकीपाशी रांग होती. कारकुनाने कागद तपासले आणि एक अर्ज पुढे सरकवला. "पालकांनी भरायचाय. वडील आलेत का?"

"मी बहीण हाय. मी भरते."

पालकाचे नाव, नाते, पत्ता. चौथा रकाना होता, पालकाचे शिक्षण. संगिताचा हात थांबला. मागची माणसे घाई करू लागली. मग तिने स्वच्छ अक्षरात लिहिले, बी.कॉम., प्रथम श्रेणी. कारकुनाने त्यावरून नजर फिरवली, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. त्याला त्यात काहीच नवल वाटले नाही.

बाहेर झाडाखाली दोघींनी भाकरीचे फडके सोडले. संगिताच्या फोनवर ओमप्रकाशचा अजून एकही फोन नव्हता.

"बाई, संध्याकाळी कुठं जाशील?" शिलाने विचारले.

"सेनगावला. माझं लेकरू हाय तिथं. दार लावलं असंल तर पायरीवर बसून ऱ्हाईन, पण खोटं बोलून आत जाणार न्हाई."

ते दार उघडले की नाही, हे सांगून वाचकाला मोकळे करावे असे मला वाटत नाही. दार लावणारे आणि उघडणारे हात सेनगावातच आहेत असे नाही. तुमच्या घरी येत्या महिन्यात एखाद्या मुलीचा बायोडाटा छापायला जाईल. तिच्या शिक्षणाच्या ओळीत काय लिहायचे, ते तुम्ही तिला विचारणार आहात का?