तार आतून ठोकायची

बापाचा उभा जन्म सुतारकीत गेला आणि त्याच्या डोळ्यांदेखत मुलगा अंगणाच्या कुंपणाची तार खांबांना बाहेरून ठोकत होता! म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे अकलेच्या कांद्या, बाहेरच्याला अडवायचंय की आतल्याला?"

"आतल्याला," मुलगा मान वर न करता म्हणाला.

"मग तार आतून ठोक. जनावर रेटायला लागलं की तार खांबावरच दाबली जाते. बाहेरून ठोकलीस तर दोन दिवसांत खिळे निघतील. केवढं जनावर आणतोयस?"

मुलाने त्याला एकदा नखशिखान्त पाहिलं. "मोठं आहे, बाबा. पण फार जोर नाही उरलेला."

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला दोनदा बाजारातून धरून आणलं होतं. ते तो साफ विसरला होता, पण हात हातोडा विसरले नव्हते. दुपारपर्यंत त्याने सगळी तार नव्याने आतून ठोकून घेतली. मग अंगणात उभं राहून अंगातलं सगळं बळ लावून तिला रेटा दिला. एक खांब हलेल तर शपथ!

"बघ! आता त्याचा बाप आला तरी सुटायचा नाही."

मुलगा आणि सून कामावर निघाले. सुनेने फाटकाला बाहेरून कुलूप घातलं.

"अगं, पण जनावर कधी येणार?" म्हाताऱ्याने तारेमागून विचारलं.

"आलंय की, बाबा," सून म्हणाली, आणि मुलगा खाली बघत चालू लागला.

म्हाताऱ्याने सगळं अंगण धुंडाळलं. जनावर काही दिसेना. तहानलेलं असेल बिचारं, म्हणून त्याने फाटकापाशी बादलीभर पाणी आणून ठेवलं.